पावलंकाकी

पावलंकाकीने जन्मात इतके सिनेमे पाहिले, पण एकाही नटाला ती तोंडावरून ओळखत नसे. तिची नजर पडद्याच्या खालच्या अंगालाच असायची. एकदा त्या काळचा एक फार गाजलेला नायक आमच्या अंधेरीच्या स्टुडिओत आला. त्याला बघायला शिंपीखात्यातली माणसं सुया तशाच कापडात खोचून धावली. काकी बाकावर बसून शेवग्याच्या शेंगा निवडत होती. शेठने ओळख करून दिली तेव्हा तिने त्या नायकाच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, “हां. टाचा घासणारो.” नायकाला ही काहीतरी कोकणी स्तुती वाटली असावी. त्याने वाकून नमस्कार केला.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा सिनेमातलं बोलणं कसंबसं टिपलं जायचं, पण चालणं, दार लागणं, तांब्या पडणं हे आवाज मागाहून करावे लागत. भिंतीवर चित्र चालू ठेवायचं आणि त्याच्याबरोबर खोलीत तो तो आवाज काढायचा. त्याला इफेक्ट म्हणत. आमच्याकडे इफेक्ट काकी करायची. नायिका चालली की काकी चालायची, घोडा दौडला की काकी नारळाच्या करवंट्या घेऊन बसायची. मी शेजारच्या खोलीत फिल्मचे तुकडे जोडायच्या कामावर होते. रोज पगारावर येणाऱ्या बायका आम्ही दोघीच, त्यामुळे डबा एकत्र.

मस्टरवर तिचं नाव शेवंती होतं, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारत नसे. मूळची मालवणकडची. सतराव्या वर्षी विधवा झालेली. भाऊ इथे सेट ठोकणारा सुतार, त्याने तिला मुंबईला आणलं. भावाचा डबा घेऊन ती फळ्यांवरून चालत आली आणि रेकॉर्डिस्ट सामंतने तो आवाज ऐकून तिला ठेवून घेतलं, असं तिच्या नेमणुकीबद्दल सांगत. पहिल्या दिवशी मी तिला ‘काकी, तुम्ही जेवलात का’ असं विचारलं. तिने मागे वळून पाहिलं. “माका हय एकच माणूस दिसता,” ती म्हणाली. तेव्हापासून मी तिला तू म्हणू लागले. ती तर शेठलाही तूच म्हणायची.

माणूस दाराबाहेर असतानाच ती त्याला ओळखायची, आणि बरोबर बातमीही द्यायची. “शेठ इलो. रागात नाय, नवी चप्पल आसा.” शेठ आत यायचा तो लंगडत, पायाला चप्पल लागलेली. माझ्या नवऱ्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. एकदा तो मला न्यायला आला आणि व्हरांड्यात येरझारा घालू लागला. काकी आतूनच म्हणाली, “तुझो भुकेलो आसा.” घरी जाऊन मी आधी पोळ्या टाकल्या.

लढाईत हाडं मोडायचा आवाज शेवग्याच्या शेंगांचा. लढाई असली की काकी सकाळी बाजारातून जुडी आणायची, दुपारपर्यंत दोन्ही बाजूंचं सैन्य कापून काढायची, आणि तेच तुकडे धुऊन आमटीत टाकायची. आमटी उत्तम व्हायची. फक्त सामंत ती खाताना जरा गप्प असे.

अशात एक दिवस शेठने गंजलेले डबे आणले. बोलपट सुरू व्हायच्या आदल्या वर्षी काढलेला एक मुका मारामारीपट त्याला कुठूनसा मिळाला होता. त्यात राजा, फितूर प्रधान, दरोडेखोर आणि शेवटी राजकन्येचं लग्न. शेठचं म्हणणं, याला गाणंबजावणं आणि आवाज लावून नव्याने काढू. बोलले नाहीत तरी चालतील, वाजले पाहिजेत. कच्ची फिल्म तेव्हा कोट्यावर मिळायची, म्हणून एकेक रीळ एका दमात रेकॉर्ड करायचं ठरलं. आमची खोली पत्र्याची. सांताक्रूझला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं तरी सगळं वाया जाणार.

आधी नुसतं बघायचं म्हणून ऑपरेटरने मशीन हळू चालवलं. तिसऱ्या रिळात राजाची स्वारी निघते. राजामागे भाला धरलेला एक माणूस चालत जातो, पुढे किल्ल्याच्या पायरीवर दरोडेखोर त्याला भोसकतो. काकी म्हणाली, परत दाखव. ऑपरेटरने परत दाखवलं. ती म्हणाली, अजून एकदा. मग ती उठून बाहेर नळावर गेली, तोंड धुतलं आणि पुढची रिळं बघायला येऊन बसली. पुढे तिने एकही रीळ परत मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा उघडल्यावर ती म्हणाली, “तो भालो धरणारो. माझो घोव.”

मला वाटलं ती नवऱ्यासारखा दिसतो म्हणतेय. मी म्हटलं, चेहऱ्यात साम्य असतं एखाद्याच्या. तर म्हणाली, चेहरा तिला ठाऊकच नाही. लग्न झालं तेव्हा ती पंधराची. सासरी सासू-सासऱ्यांपुढे मान वर करायची नाही, त्यामुळे वर्षभर तिला नवऱ्याचे पायच तेवढे दिसले. लहानपणी माडावरून पडल्याने त्याचं डावं पाऊल बाहेरच्या कडेवर पडायचं आणि त्याबरोबर सावलीचा खांदा खाली जायचा. वर्षाने तो गिरणीत काम करायला मुंबईला आला. पुढच्या वर्षी गावच्या एका माणसाने त्याची छत्री परत आणून दिली आणि तो तापाने गेल्याचं सांगितलं. “मेलो म्हणान सांगितल्यानी,” काकी म्हणाली, आणि भाताचा घास घेतला. छत्री आल्यानंतर कितीतरी वर्षांनी हा सिनेमा निघाला होता.

मी मॅनेजरकडे सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, तो होय, भालेराव. अजून येतो अधूनमधून गर्दीत उभा राहायला, जोगेश्वरीला लेण्यांजवळच्या चाळीत राहतो. भालेराव हे त्याचं आडनाव नव्हतं. इतकी वर्षं भाला धरला म्हणून पडलं होतं. काकी भावाबरोबर अंधेरीत राहायची. दोन घरांमधलं अंतर पायी जाण्याइतकं होतं.

तिने मला बरोबर चल म्हणून सांगितलं. वाटेत मी विचारलं, तू त्याला काय म्हणणार आहेस. “विचारूचा आसा,” ती म्हणाली. काय? “पायात काय होता ता.” स्वारीच्या त्या दृश्यात धूळ फार होती, पायातलं काही दिसत नव्हतं, हे खरं होतं. पण त्यासाठी कोणी घोडबंदर रोडवर भर दुपारी चालत जात नाही, असं माझं मत होतं.

दार एका बाईने उघडलं. काकीहून थोडी लहान, कपाळाला ठसठशीत कुंकू, हात चुलीच्या कामाने ओले. आतल्या भिंतीशी एक म्हातारा विळीवर बसून नारळ खवत होता. आपल्या नवऱ्याने नारळ खवल्याचं माझ्या माहितीतल्या एकाही बाईने पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. काकीने स्टुडिओचं नाव सांगितलं. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले, कारण ती शुद्ध पुस्तकी मराठी बोलत होती. एकही मालवणी शब्द नाही. तिला तसं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

भालेराव फार खूश झाला. त्याच्या भूमिकेबद्दल चौकशी करायला इतक्या वर्षांत कोणी आलं नव्हतं. त्याने बायकोला, यशोदेला, चहा टाकायला सांगितला, तिसऱ्या रिळात आपण कसे मरतो ते हातवारे करून सांगितलं, आणि मग केरसुणी भाल्यासारखी धरून आम्हाला खोलीतल्या खोलीत चालून दाखवलं. डावं पाऊल बाहेरच्या कडेवर पडत होतं. काकीने डोळे मिटले होते.

“पायात काय होतं?” तिने विचारलं.

“वहाणा. माझ्याच. कंपनीकडून फक्त भाला मिळायचा.”

“नव्या?”

“छे, लग्नातल्या. सासऱ्याने करून दिलेल्या.”

चुलीपाशी यशोदा हसली. तिच्या बाबांनी कधी वहाणा दिल्या नव्हत्या, असं तिने आम्हाला सांगितलं. त्या पहिल्या लग्नातल्या. भालेरावने मान हलवली. म्हणाला, गावी पहिली बायको होती, शेवंती नावाची.

“वारली बिचारी.”

“कशाने?” काकीने विचारलं.

“तापाने.”

माझ्या हातातली बशी वाजली. काकीची वाजली नाही. तिने चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि बशी पालथी न घालता नीट जमिनीवर ठेवली.

“वाईट झालं,” ती म्हणाली. “त्या वहाणांना नाल होते?”

होते, तो म्हणाला. उजव्याचा शाबूत, डाव्याचा बाहेरच्या बाजूने झिजलेला. काकीने मान डोलावली. आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला आणि बाई मूळच्या कुठल्या म्हणून विचारू लागला.

“अंधेरीच्या,” काकी म्हणाली.

रस्त्याला लागल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, तू बोलली का नाहीस, तुझ्या जागी मी असते तर चाळ गोळा केली असती, अजून परत फिरू. काकी चालत राहिली. “दोघांकय तापच,” ती म्हणाली. मग चपलेत खडा गेला म्हणून ती रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसली. चप्पल काढून झटकली. खडा पडला नाही. तरी ती चप्पल झटकत राहिली. मी शेजारी बसले आणि काहीही न बोलण्याचं काम केलं. ते मला नीट जमलं असं म्हणवत नाही, कारण रडत मी होते.

रेकॉर्डिंगच्या आधी तिने मोच्याकडून नाल मारलेल्या वहाणा करून घेतल्या आणि डावा नाल कानशीने घासून घेतला. त्या दिवशी सामंतने मशीन आवाजाच्या वेगावर लावलं. जुनी मुकी चित्रं हळू फिरवून काढलेली. नव्या मशीनवर त्यातली माणसं धावत सुटतात. राजा लगबगीने किल्ल्याबाहेर आला, प्रधान दुडदुडत मागे, आणि भालेराव तर गाडी चुकत असल्यासारखा निघाला. काकीने एकदा नुसतं बघून घेतलं. “तेका इतकी घाय कधीच नव्हती,” ती मला म्हणाली. “जाताना झाली असतली.”

मग दिवा लागला, सगळे गप्प झाले आणि ती फळ्यांवर चढली. मी दाराच्या काचेतून पाहत होते. हात कमरेवर, मान खाली, डोळे पडद्याच्या खालच्या कडेवर. राजाची पावलं तिने हातात जोडे घेऊन वाजवली. सैन्याची वाळूच्या पेटीत. भालेरावची मात्र स्वतःच्या पायांनी. डावं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत, खांदा खाली सोडत. वर्षभर घरात ज्याच्या वाटेतून ती बाजूला सरकली असेल त्याच्यासारखी ती हुबेहूब चालत होती. तबलेवाला तबला वाजवता वाजवता तिच्याकडे बघू लागला.

पायरीवर भोसकण्याची वेळ आली. माणूस पडायचा आवाज तांदळाच्या अर्ध्या पोत्याचा. एरवी पोतं टाकायला एक गडी असे. तिने त्याला बाजूला केलं, पोतं स्वतः उचललं आणि एकेका पायरीवर आपटत खाली आणलं. शेवटी तिने एक काठी फळ्यांवर घरंगळत सोडली. तो भाला. पडद्यावर पुढचं चित्र लागलं, राजकन्या बागेत फुलं तोडू लागली, तरी भाला घरंगळतच होता. तो थांबला, रीळ संपलं, मग काकीने वहाणा काढून भिंतीशी ठेवल्या आणि पाणी मागितलं.

सामंत म्हणाला, काकी, राजापेक्षा भालदार जास्त वाजला. ती म्हणाली, राजाच्या जोड्याक नाल नाय. ते खरं असल्याने आणि दुसरी फिल्म नसल्याने सामंतने ते तसंच ठेवलं.

पाचव्या रिळात मात्र प्रश्न आला. त्या कंपनीकडे माणसं कमी असणार, कारण तिसऱ्या रिळात मेलेला भालेराव पाचव्यात दाढी लावून परत येतो आणि राजकन्येच्या लग्नात पाहुणा म्हणून हिंडतो. काकीने त्या लग्नात सगळ्यांना पावलं दिली. भटजींना दिली, पोराटोरांना दिली, मांडवातून पळणाऱ्या कुत्र्यालाही दिली. दाढीवाला पाहुणा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि त्याचा आवाज आला नाही. सामंतने नंतर विचारलं की एक माणूस राहिला का.

“मेल्लो माणूस,” काकी म्हणाली. “तेचो आवाज खंयसून येतलो?”

सामंतला वाटलं ती कथेबद्दल बोलतेय. तो म्हणाला, हेही बरोबर आहे.

सिनेमा घाटकोपरच्या एका थिएटरात दुपारच्या खेळाला लागला आणि आठवडाभर टिकला. आम्ही दोघी गेलो. भालेराव पायऱ्यांवरून पडला तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई ‘अरे अरे’ म्हणाली. काकीने तिच्याकडे वाकून पाहिलं. तोंडाकडे पाहिलं, पायांकडे नाही. लग्नाचा प्रसंग आला तेव्हा त्या बाईचा लहान मुलगा मोठ्याने म्हणाला की हा तर मघाशी मेला होता. त्याची आई म्हणाली, गप, हा दुसरा कोणीतरी असेल. काकीने अंधारात मान डोलावल्याचं मला दिसलं.

मी तिला पुढे एकदा विचारलं होतं की नवरा जिवंत आहे तर कुंकू का लावत नाहीस. तिने आधी करवंट्या पुसून जागेवर ठेवल्या. “तेच्या घरात एक लावता,” ती म्हणाली. “पुरे.”

दोन-तीन वर्षं गेली असतील. मॅनेजर एका सकाळी येऊन सांगून गेला की भालेराव गेला, काही पैसाअडका जमवायचा का बघा. काकी तेव्हा एका बैलगाडीचा आवाज करत होती. गाडी गावात पोचेपर्यंत ती थांबली नाही. मग पदराला हात पुसून म्हणाली, चल, त्या घरातलो चहा घेतलो आसा आपण.

जोगेश्वरीला पोचलो तेव्हा यशोदा भिंतीला टेकून बसली होती आणि शेजारच्या म्हाताऱ्या तिच्या बांगड्या फोडायला पाटा-वरवंटा घेऊन आल्या होत्या. काकी त्यांच्यामध्ये जाऊन बसली. तिने पुन्हा ती पुस्तकी मराठी काढली आणि सांगितलं की या बांगड्या स्टुडिओला हव्या आहेत, अख्ख्या, कामासाठी. असं काही त्या म्हाताऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणावं हे त्यांना सुचेना. काकीने तेल मागवलं, यशोदेचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी हळूहळू उतरवली. एकही पिचली नाही. येताना मला म्हणाली, “माझ्यो फोडल्यानी तेवा मनगटाक लागला होता.”

पुढच्या महिन्यात तिने यशोदेला स्टुडिओत आणलं. शेठला सांगितलं की नायिका हल्ली फार नाचतात, तिला एकटीला आवरत नाही. सामंतचा नियम होता की आवाजाच्या खोलीत बांगड्या घालून यायचं नाही. फक्त नायिकेच्या बांगड्यांचा आवाज करणाऱ्या बाईला सूट होती. ते काम काकीने यशोदेला दिलं. रोज सकाळी यशोदा आपल्या त्याच हिरव्या बांगड्या पुरचुंडीतून काढून चढवायची, दिवसभर कुठल्या कुठल्या राजकन्यांसाठी किणकिणवायची आणि संध्याकाळी उतरवून घरी जायची. चाळीत कोणाची काही हरकत नव्हती. नोकरी होती.

दोघी जोडीने काम करू लागल्या. प्रियकर आणि प्रेयसी बागेतून चालले की काकी त्याची पावलं करायची, यशोदा तिची. डबा आता तिघींचा. यशोदा नवऱ्याबद्दल पुष्कळ बोलायची. आजारपणात त्याने तिचे पाय कसे चेपले, मूल झालं नाही तरी एका शब्दाने कसं दुखवलं नाही. काकी ऐकायची. मधूनच विचारायची, नारळ रोज खवायचा? यशोदा म्हणायची, रोज.

गुडघे गेले तेव्हा काकीने काम सोडलं आणि भाच्याकडे गावी जायचं ठरवलं. भाऊच्या धक्क्यावर आम्ही दोघी तिला पोचवायला गेलो. यशोदा सकाळपासून रडत होती. तिने गुडघ्याला लावायच्या तेलाच्या बाटल्या भरून आणल्या होत्या आणि त्या कशा, कधी लावायच्या हे पुन्हा पुन्हा सांगत होती. मग ती वळकटी बोटीवर नीट ठेवली की नाही ते बघायला पुढे गेली. तेवढ्यात मी काकीला विचारून घेतलं. इतकी वर्षं रोज शेजारी बसलीस, तिला कधी सांगावंसं नाही वाटलं?

काकी गर्दीतून जाणाऱ्या यशोदेच्या पावलांकडे बघत होती.

“कित्याक सांगू?” ती म्हणाली. “तिचो घोव बरो होतो.”